पिवळ्यावर काळा आकडा

माझे भाऊजी पेंटर होते. गावात त्यांना नावानं कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. पेंटर म्हटलं की तेच. ताईचं लग्न झालं तेव्हा मी हाफ पँटमध्ये होतो. भाऊजींची तेव्हाची आठवण म्हणजे अंगाला येणारा टर्पेंटाइनचा वास आणि उजव्या हाताच्या करंगळीचं वाढवलेलं नख. ते नख भिंतीला टेकवून ते हात तोलायचे. मग ब्रश असा सुटायचा की बघणाऱ्यानं श्वास धरावा. पट्टी नाही, दोरी नाही, आणि रेघ सरळ.

गावातल्या सगळ्या दुकानांच्या कपाळावर त्यांचाच हात होता. न्हाव्याची पाटी त्यांची, औषधवाल्याची त्यांची, शाळेच्या फाटकावरची कमान त्यांची. दवाखान्याच्या भिंतीवर ‘थुंकू नये’ त्यांनी इतकं देखणं लिहिलं होतं की त्या भिंतीवर थुंकायची लोकांना लाज वाटायची. ते शेजारच्या भिंतीवर थुंकायचे.

ज्यांच्याकडे ते शिकले त्या म्हाताऱ्या पेंटरनं त्यांना एक गोष्ट शिकवली होती, आणि ती त्यांनी जन्मभर जपली. अक्षर रस्त्यापलीकडून वाचता आलं पाहिजे. जवळ जाऊन वाचावं लागतं ती पाटी नव्हे, चिठ्ठी. आणि सगळ्यात लांबून दिसतं ते पिवळ्यावर काळं. लाल नाही, पांढरं नाही. पिवळी जमीन, वर काळं अक्षर. घाईतल्या माणसाच्या डोळ्यातसुद्धा ते शिरतं.

मग छापील बॅनर आले. सकाळी सांगितलं की संध्याकाळी मशीनमधून निघतो, वर दुकानदाराचा फोटोही येतो. दोन वर्षांत भाऊजींचे डबे वाळून दगड झाले. गाड्यांचे नंबर लिहिण्याचं काम तेवढं उरलं होतं, तेही पत्र्यावर ठोकून मिळायला लागलं. भाऊजी ओट्यावर बसून राहायचे आणि समोरच्या दुकानाच्या बॅनरवरची अक्षरं बघायचे. बघता बघता त्यांचा हात मांडीवर आपोआप हलायचा, चुकलेलं अक्षर दुरुस्त केल्यासारखा.

ताई म्हणायची, “ओट्याला खड्डा पडला हो बसून बसून. निदान दुसऱ्या बाजूला तरी बसा, म्हणजे ओटा सारखा झिजेल.”

भाऊजी हसायचे. पण ते हसणं ओठांपुरतं होतं.

अशात एक दिवस वनखात्याच्या चौकीवरून निरोप आला, की बारीक हाताचा माणूस पाहिजे.

आमच्या गावामागं चढ आहे, चढावर रान. पूर्वी ते रान डोंगर ओलांडून जायचं म्हणतात. मी पाहिलं तेव्हा मधून रस्ता गेलेला, दोन्ही बाजूंनी तोड झालेली, आणि वरच्या ओढ्याच्या काठानं अकरा मोठी झाडं उरलेली. रुंद पानांची, खोडावर शेवाळ, बुंधा दोघांच्या कवेत न मावणारा. त्या अकरा झाडांवर एक गोगलगाय राहायची. शेतात, भिंतीवर दिसते ती नव्हे. ही रानातली, झाडावरची. अंगठ्याच्या पेराएवढी. शंखाचा रंग ओल्या सालीचा, त्यावर चहाच्या रंगाची एकच पट्टी. पानं ती खात नाही. पानावर साचणारी बुरशी चाटते, आणि पान तसंच ठेवते. वर्षाकाठी तिला एकच पिल्लू होतं, तेही अंड्यातून नाही, शंखासकट, मोहरीपेक्षा जरासं मोठं. ते पिल्लू वयात यायला सहा वर्षं लागतात. आणि ही जात जगात दुसरीकडे कुठंही नव्हती. त्या अकरा झाडांवर होती, बस्स.

हे सगळं आम्हाला बाईंनी सांगितलं. बाई शहरातल्या कॉलेजातून आलेल्या. किडकिडीत, जाड चष्मा, उभ्यानंच डबा खायची सवय. त्यांना प्रत्येक गोगलगायीवर आकडा हवा होता, म्हणजे कोणती कुठं आहे, किती जगते, किती उरल्यात, हे कळलं असतं. कागदी चिकट्या लावून पाहिल्या, त्या पावसात गळल्या. पेनानं लिहून पाहिलं, ते पुसलं.

चौकीतल्या टेबलावर त्यांनी एक गोगलगाय भाऊजींच्या पुढ्यात ठेवली. भाऊजींनी तिच्याकडे पाहिलं, मग बाईंकडे.

“हिच्यावर? बाई, मी ट्रकच्या पाठीवर हत्ती काढलेत.”

“मग हे सोपं आहे, पेंटरकाका. ट्रक निघून जातो, ही जात नाही.”

“जात नाही कशी? ही बघा, निघाली.”

खरंच निघाली होती. टेबलाच्या कडेकडे, दोन्ही शिंगं पुढं काढून, मागं ओली रेघ सोडत. चौकीतला गार्ड हसला, बाई हसल्या. भाऊजींनी मात्र वाकून त्या रेघेकडे बघितलं आणि मला म्हणाले, “बघ, पट्टी न लावता.”

बाईंनी सांगितलं होतं ते असं: आकडा अगदी लहान, शंखाच्या खालच्या अंगाला, तोंडाजवळ, काळ्या शाईत. भाऊजी घरी आले ते कुरकुरतच.

“खालच्या अंगाला लिहायचं! वाचणार कोण? प्रत्येक वेळी तिला सालीवरून उपटायची, उलटी करायची, वाचायची, परत चिकटवायची. तिनं काय गुन्हा केलाय? वर लिहू. पिवळा ठिपका, त्यावर काळा आकडा. खाली उभं राहून वाचता येईल.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी तसा एक आकडा काढून दाखवला. मसुरीच्या डाळीएवढा पिवळा ठिपका, आणि त्यावर तीन केसांच्या ब्रशनं काढलेला ‘१’. बाईंनी तो दुर्बिणीतून झाडाच्या पार वरच्या फांदीवरही वाचला. थोडा विचार केला. “दहांवर करून बघू,” म्हणाल्या. महिनाभर बघितलं. रंग टिकला, गोगलगायींना काही झालं नाही, आणि उपटायची गरजच संपली. बाईंना आनंद झाला. कारण उपटताना काही पडायच्या, काहींचा खालचा मऊ भाग दुखावायचा. भाऊजींच्या ठिपक्यानं ते सगळं थांबलं. वाचणारे आम्हीच, एवढंच आम्ही धरून चाललो होतो.

मी त्यांच्याबरोबर शिडी धरायला गेलो आणि चार वर्षं शिडीच धरली. म्हणून हे सांगतोय ते पाहिलेलं आहे, ऐकीव नाही.

शिडीवर चढून मी गोगलगाय अलगद सोडवायचो आणि ती होती त्या जागी कपड्यांचा चिमटा लावून ठेवायचो, म्हणजे परत ठेवताना बोटभरही चूक व्हायला नको. खाली भाऊजी मांडी घालून बसलेले. ओल्या कापसानं शंख पुसायचा, फुंकर घालून वाळवायचा, पिवळा ठिपका, मग विडी ओढून होईपर्यंत थांबायचं. पण विडी ओढायची नाही, धुरानं गोगलगाय शंखात जाते. नुसता तेवढा वेळ मोजायचा. मग आकडा. मग वरून वॉर्निशचा हात. भाऊजी गोगलगायीला गिऱ्हाईक म्हणायचे.

“आज किती गिऱ्हाईकं झाली?”

“नऊ.”

“बरंय. एकानंही घासाघीस केली नाही.”

दोन वर्षांत आकडा तीनशे सेहेचाळीसवर गेला. वयात आलेल्या सगळ्या झाल्या. मोहरीएवढ्या, वाटाण्याएवढ्या पिल्लांवर रंग बसत नाही, ती तेवढी बिनआकड्याची. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी आम्ही दोघं मोजायचो आणि चौकीतल्या रजिस्टरात लिहायचो. बाई तीन महिन्यांनी येऊन ताडून बघायच्या.

भाऊजींना सगळ्या ओळखू यायला लागल्या. सतरा कायम तिसऱ्या झाडाच्या त्याच बेचक्यात. दोनशे आठ आणि दोनशे नऊ एकमेकींना सोडून राहायच्या नाहीत. एकसष्टला पिल्लू झालं त्या दिवशी त्यांनी चौकीत सगळ्यांना चहा पाजला. गार्ड म्हणाला, “पेंटर, बारसं कधी?” तर म्हणाले, “आकडा धरण्याएवढी होऊ दे.”

घरातही फरक पडला. ओट्यावरून त्यांची उठबस सुरू झाली. ते परत बारीक दाढी करायला लागले, नखाची निगा राखायला लागले. ताई चिडवायची, “जन्मभर दुकानांना नावं दिली, आता किड्यांना आकडे देतात.” पण कुणी पाहुणा आला की तीच सांगायची, “जगात कुठं नाहीत अशा आहेत त्या. आणि एकेकीवर ह्यांच्या हातचं अक्षर आहे.”

तिसऱ्या वर्षी मोजणी उतरायला लागली. तीनशे चाळीस. तीनशे एकतीस. तीनशे दहा. बाई म्हणाल्या, पाऊस कमी झालाय, ढोलीत जाऊन बसल्या असतील. खरं होतं ते. कोरड्या दिवसांत त्या ढोलीत शिरतात, तोंडावर पापुद्रा ओढतात आणि पडून राहतात. पण पुढच्या महिन्याच्या सोमवारी दोनशे बहात्तर निघाल्या. भाऊजींनी मला परत मोजायला लावलं. परत दोनशे बहात्तर. सतरा बेचक्यात नव्हती. तिची जागा कोरडी होती.

“ढोलीत असेल,” मी म्हणालो.

“तीन वर्षांत नाही गेली ढोलीत.”

त्या दिवशी दुपारी ते ब्रश धुवायला ओढ्यावर गेले. मी चिमटे गोळा करत होतो. बराच वेळ झाला तरी येईनात म्हणून बघायला गेलो. ओढ्याच्या कडेला एक चपटा दगड आहे. भाऊजी त्याच्यासमोर उकिडवे बसले होते, ब्रश तसाच हातात, त्यातून पाणी ठिबकत होतं. दगडावर आणि दगडाभोवती शंखांचा चुरा पडला होता. ऊन त्यावर आलं होतं आणि चुऱ्यात पिवळं चमकत होतं.

 त्यांनी डब्याचं झाकण काढलं आणि एकेक तुकडा वेचून त्यात ठेवायला लागले.

रात्रीच्या जेवणापर्यंत ते तुकडे वर्तमानपत्रावर मांडत होते. शाळेतली मुलं फुटकी पाटी जुळवतात तसे जुळवत होते. ताईनं दोनदा हाक मारली, “वाढलंय हो, गार होतंय.” तिसऱ्यांदा ती स्वतः आली आणि वर्तमानपत्राशेजारी खाली बसली. एकोणतीस आकडे लागले होते. सतरा होती. दोनशे आठ होती, तिच्या शेजारी ठेवायला दोनशे नऊही होती.

“बिनआकड्याची एकही नाही,” भाऊजी म्हणाले. “एवढा चुरा आहे. एकही बिनआकड्याची नाही.”

मी मेहुणा असलो तरी धाकटा. पण तेव्हा मला राहवलं नाही. “पाखरं खातातच की, भाऊजी. पिल्लं बारीक असतात, त्यांना कोण विचारतं? मोठीच खाणार. बाईंना आत्ताच काही कळवू नका. उगाच काम बंद होईल.”

त्यांनी मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही.

आठ दिवस ते पहाटे उजाडताच वर जायचे आणि झाडांखाली बसायचे. कामाचा दिवस नसला तरी. आठव्या दिवशी मला म्हणाले, “चल, दाखवतो.” आम्ही पाचव्या झाडासमोर झुडपात बसलो. थोड्या वेळानं एक तपकिरी पक्षी आला, छातीवर ठिपक्यांचा. कस्तूर. बुंध्यावर बसला, मान वाकडी केली, इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. त्याच्यापासून वीतभर अंतरावर दोन बिनआकड्याच्या होत्या, बऱ्यापैकी मोठ्या, यंदा आकडा मिळायच्या लायकीच्या. त्यांच्यावरून तो उडी मारून पुढं गेला. वरच्या फांदीपाशी पिवळा ठिपका होता. तिथं सरळ गेला, उचलली, दगडावर आला. टक, टक, टक. मागं दोन पिल्लं चोची वासून उभी. तिनं, ती मादी असावी, पिल्लांना भरवलं. मग त्यातलं एक पिल्लू स्वतः उडून बुंध्यावर जाऊन बसलं आणि तशीच मान वाकडी केली.

भाऊजी अगदी हळू म्हणाले, “ती वाचते रे. माझं अक्षर वाचते. आणि पोरांनाही शिकवतेय.”

मला पक्ष्यावर दगड उचलावासा वाटला. त्यांनी माझा हात धरला. “तिचं काय चुकलं? पाटी आपण लावली.”

त्यांनी चौकीतल्या फोनवरून बाईंना कळवलं. मी दारात होतो. ते म्हणाले, “बाई, मी पेंटर बोलतोय. त्या मी मारतोय. या लवकर.”

बाई दुसऱ्या दिवशी दुपारी आल्या, पिशवी खांद्यालाच. भाऊजींनी ते वर्तमानपत्र चौकीच्या टेबलावर उलगडलं. तोवर तुकड्यांचे एकाहत्तर आकडे झाले होते. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“चूक माझी आहे,” त्या म्हणाल्या. “तुम्ही दाखवलंत, मी हो म्हटलं. माझ्या लक्षात यायला हवं होतं. हे माझं शिक्षण आहे, तुमचं नाही.”

“परवानगी तुमची, बाई. हात माझा.”

“काका, असं वाटून घ्यायचं नसतं.”

“वाटून नाही घेत. मी सगळी घेतो. तुम्ही फक्त आता काय करायचं ते सांगा.”

जाळी लावून पाहिली. अकरा झाडांना जाळी कुठवर पुरणार? फांदीच्या फटीतून पक्षी आत यायचा, आणि बाहेर पडता येईना म्हणून आतच आरामात बसून खायचा. रंग खरवडून पाहिला, आधी रिकाम्या शंखावर. भाऊजींचं वॉर्निश इतकं पक्कं बसलेलं की रंगाआधी शंख फुटला. थिनर लावायचं तर आतली मरणार. शेवटी भाऊजीच म्हणाले, “झाकू.”

मग त्यांनी जे केलं ते मी दुसऱ्या कुणा पेंटरला करताना पाहिलेलं नाही. सालीचा तुकडा पाण्यात भिजवून समोर ठेवला आणि चार दिवस नुसता रंग मिसळत बसले. तपकिरी, त्यात शेवाळाचं हिरवं, त्यात राखाडी, थोडं काळं. थेंब सालीवर टाकायचे, वाळू द्यायचे, आणि ताईला विचारायचे, “दिसतो?” ती बोट ठेवून दाखवायची, “हा इथं.” परत मिसळायचे. चौथ्या दिवशी तिनं तीनदा बोट ठेवलं आणि तिन्ही वेळा चुकलं. तेव्हा ते उठले. ठिपक्यावरून चहाच्या रंगाची पट्टीसुद्धा त्यांनी ओढायची ठरवली, जशीच्या तशी, तुटली होती तिथं जोडून. जन्मभर दिसावं म्हणून रंग लावणारा माणूस, आता दिसू नये म्हणून लावायला बसला.

सहा आठवडे आम्ही रानात होतो. तेव्हा मोजणीपेक्षा शोधणं अवघड झालं, कारण खालच्या सगळ्या पक्ष्यानं आधीच नेलेल्या. उरलेल्या शिडीच्या वर, ढोलीत, सालीमागं. ढोलीत पापुद्रा ओढून बसलेलीला बाहेर काढता येत नाही, ती मरते. तिला तशीच सोडावी लागायची. मग पुढं कधी तरी थोडा पाऊस व्हायचा, ती बाहेर यायची, आणि आम्ही पोचायच्या आत दगडावर असायची. आम्ही एक झाकायचो, तोवर पक्षी दुसरी न्यायचा. उजाडायच्या आधी वाट धरली तरी दगडावर ताजा चुरा असायचा. पक्ष्याला रस्ता चढायचा नव्हता.

ताईही यायला लागली. तिचे डोळे आमच्या दोघांपेक्षा चांगले. पहिल्याच दिवशी सालीच्या घडीत तिनं तीन शोधल्या. संध्याकाळी उतरताना ती एकदम थांबली.

“एवढी वर्षं तुमचे आकडे बघायला ये म्हणालात, आले नाही. आले ती पुसायला.”

भाऊजी पुढं चालत होते. त्यांनी वळून पाहिलं नाही. थोडं पुढं गेल्यावर म्हणाले, “एकशे चाळीस पाहिलीस ना आज? चारचा डोळा किती गोल आला होता.”

“पाहिली.”

“बस्स झालं मग.”

शेवटी शेवटी त्यांचा हात हलायला लागला. ते नख टेकवायचे, नखही थरथरायचं. एका गोगलगायीच्या तोंडात रंगाचा थेंब गेला. तिनं फेस काढला, आत गेली, आणि परत बाहेर आली नाही. भाऊजींनी ती तळहातावर घेऊन अर्धा दिवस वाट बघितली. त्यानंतर एक झाकून झाली की ते हात काखेत दाबून बसायचे, थरथर थांबली की पुढची.

एकशे अठ्ठावन्न झाकल्या. अठ्ठ्याण्णव चुऱ्यात सापडल्या होत्या. ज्या कुठंच नव्हत्या त्या कुठं होत्या ते सांगता येत नाही.

बाई म्हणाल्या, आता वर्षभर झाडांकडे कुणी फिरकायचं नाही. आपण दिसलो की पक्षी तिथं बघतो, आपण शिडी लावली की साल हलते. त्यांना एकटं सोडायचं. भाऊजींनी ते अक्षरशः पाळलं. वर जाणाऱ्या वाटेच्या तोंडापर्यंत रोज जायचे आणि तिथून परत फिरायचे. कुणी विचारलं, “काय पेंटर, गिऱ्हाईकं काय म्हणतात?” तर म्हणायचे, “दुकान बंद आहे.” घरात बोलणं कमी झालं. ब्रश त्यांनी धुऊन, पुसून, ताईच्या शिवणाच्या डब्यात ठेवून दिले. तिनं ते तिथंच राहू दिले.

वर्षानंतर बाई कॉलेजातल्या तीन पोरांना घेऊन आल्या. अधिक आम्ही दोघं, अधिक ताई. चार दिवस पाऊस झाला होता, शेवाळ फुगलं होतं, बाहेर पडायला त्यांना याहून चांगला दिवस नव्हता. तीन दिवस आम्ही शोधलं. प्रत्येक झाड प्रत्येकानं वेगळं बघितलं. दोर लावून पोरं शेंड्यापर्यंत चढली.

अकरा सापडल्या. सगळ्या लहान, बिनआकड्याच्या. पूर्ण वाढलेली एकही नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाकीचे दोर गुंडाळत होते तेव्हा भाऊजी बाईंपाशी आले.

“माझ्या हाताची एकही नाही?”

बाईंनी चष्म्यावरचं पाणी पुसलं. मग म्हणाल्या, “काका, तुम्ही झाकल्यातच तशा. समोर असून आम्हाला दिसल्या नसतील. त्यासाठीच तर झाकल्या होत्या.”

भाऊजींनी एकदा त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. धावत्या बसमधून भिंतीवरचं अक्षर बघून ते सांगायचे, हा माझा हात, हा नाही. कितीही रंग चढवला तरी स्वतःचा हात त्यांना ओळखू आला असता. हे मला माहीत होतं, ताईला माहीत होतं. बाईंनाही माहीत होतं असं मला वाटतं.

“हो,” भाऊजी म्हणाले. “तसंच असेल.”

आम्ही खाली चौकीवर आलो. बाईंनी रजिस्टर काढलं. चुऱ्यात सापडलेल्यांपुढं ‘मेली’ असं आधीच लिहिलेलं होतं. बाकीच्या जागा रिकाम्या. बाईंनी पेनाचं टोपण काढलं, आणि भाऊजींनी रजिस्टरावर हात ठेवला.

“काय लिहिणार?”

“काय लिहू, तुम्ही सांगा.”

“‘दिसली नाही’ लिहा.”

“बरं.”

“आणि एकदाच लिहून खाली रेघ ओढू नका. प्रत्येकीपुढं वेगळं लिहा. मी आकडा सांगतो.”

गार्डनं घड्याळाकडे पाहिलं. मग उठून त्यानं खिडकी उघडली, उजेड यावा म्हणून. भाऊजी बाकावर ताठ बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि सांगायला लागले. तीन. नऊ. बारा. झाकलेले, न सापडलेले, सगळे आकडे त्यांना पाठ होते, वहीत बघायची गरज पडली नाही. प्रत्येक आकड्यानंतर ते थांबायचे, पेन कागदावरून उचललं गेलं की पुढचा. एकसष्ट म्हणताना थोडे जास्त थांबले. बाईही थांबल्या. मग दोघं पुढं गेले. ताई दाराला टेकून उभी होती. तिनं केलेला चहा कुणी उचलला नाही.

तीनशे चव्वेचाळीस हा शेवटचा होता. तो लिहून झाला तेव्हा खिडकीतला उजेड टेबलावरून खाली उतरला होता. बाई शाईच्या पेनानं लिहायच्या. हवा ओली होती, शाई वाळत नव्हती. त्यांनी रजिस्टर मिटलं नाही. उघडंच ठेवलं, आणि ते वाळेपर्यंत आम्ही सगळे तिथं बसून राहिलो.